धुरपदाच्या बाजूच्या गाठी

न्हावऱ्यातल्या बायका वाकळ शिवतात ती चौकोनात चौकोन घालत, बाहेरून आत. धुरपदा आणि रंभा यांची रीत निराळी. वाकळ अंथरायची, एकीनं या टोकाला बसायचं, दुसरीनं त्या टोकाला, आणि सरळ ओळी घालत एकमेकींकडं सरकत यायचं. आज लाल दोरा, उद्या हिरवा, परवा पिवळा. कोणत्या दिवशी किती शिवलं ते रंगावरून कळायचं. शेवटची ओळ मधोमध, दोघींनी दोन बाजूंनी घालायची, आणि सुया जिथं भेटतील तिथं दोघींच्या दोऱ्यांची मिळून एकच गाठ.

दोघींची गं वाकळ, दोन टोकांनी गाठली
तुझी सुई माझी सुई, मधी येऊन भेटली

ही ओवी रंभाची. गळा मात्र धुरपदाचा.

आणखी एक नेम होता. उठायचं झालं तर टाक्यात सुई उभी सोडून उठायचं नाही. दोऱ्याला गाठ मारायची, दोरा तोडायचा, सुई पदराला खोचायची, मग उठायचं. सुई उभी राहिली तर पांघरणाऱ्याच्या झोपेत काटा राहतो, असं धुरपदाची सासू सांगायची. सासूच्या पुष्कळ गोष्टी धुरपदानं सोडल्या होत्या. ही एक ठेवली होती.

सोडलेल्या गोष्टींत एक कप होता. कान तुटलेला, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली माणसं कामाला आली की त्यांचा चहा त्या कपात. धुरपदा नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. कांदा काढताना उन्हात तिची कळशी लवंडली. बांधावर वस्तीतून कामाला आलेल्या रंभाचा तांब्या होता.

"दे गं पाणी," धुरपदा म्हणाली.

"तोंड लावून प्यालेय मी."

"मग? तुज्या तोंडाला काय इख लागलंय?"

रंभानं तांब्या लगेच उचलला नाही. ती म्हणाली, "इथं कोण बघतंय? उद्या सासूम्होरं मागशील तर खरं."

दुसऱ्या दिवशी धुरपदानं सासूसमोर मागितलं. सासूनं तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी तो कप गोठ्यातल्या दगडावर पडून फुटला. कसा फुटला ते धुरपदानं कधी सांगितलं नाही आणि रंभानं विचारलं नाही. त्यानंतर अडतीस वर्षांत दोघींनी अठरा वाकळा शिवल्या. आत दोन्ही घरांची जुनी लुगडी एकमेकांवर पडलेली. कोणतं कुणाचं, ते वाकळेला ठाऊक नाही आणि थंडीलाही नाही.

एकोणिसावी वाकळ रंभाच्या लेकीसाठी होती. दीक्षा दौंडच्या एका दवाखान्यात सिस्टर होती, पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायची. "रातपाळी करून येतीय आन् खोली म्हंजी नुसता बरफ," असं रंभानं सांगितलं आणि दिवाळी सरताच धुरपदानं लुगडी काढली.

पण या खेपेला रंभाला दोन गोष्टी खटकल्या. एरवी वाकळ रंभाच्या दारातल्या लिंबाखाली अंथरायची. यंदा धुरपदा हटून बसली, माझ्याच पडवीत बसू. आणि ओळ निम्मी होते न होते तोच धुरपदा गाठ मारायची, दोरा तोडायची आणि आत जायची. परत यायची तेव्हा हात ओले असायचे. बसायची, सुईत दोरा ओवायची, चार बोटं शिवायची, परत गाठ.

"सून काय चुलीवर दूध ठिवून गेलीय व्हय?" रंभा विचारायची.

"व्हय, तसंच कायतरी," धुरपदा म्हणायची.

दूध नव्हतं. संडास होता.

संक्रांत झाली तेव्हापासून, म्हणजे दहा महिने, धुरपदाला जुलाब होत होते. पाण्यासारखे, दिवसातून आठ-दहा वेळा. कळ फारशी नाही, पण आली की थांबत नाही. उंबऱ्यापासून संडासापर्यंत बावीस पावलं होती. धुरपदाला ती पाठ झाली होती, कारण एकविसाव्या पावलाला दोनदा घात झाला होता. सून सुवर्णाला एवढं माहीत होतं की आत्यांचं पोट बिघडलेलं असतं. मुलगा भारत शिरूरला घेऊन गेला होता. तिथं रक्त झालं, संडास तपासून झाला, शेवटी नळी घालून आतडंही बघून झालं. "आतडं एकदम स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "काळजी करण्याचा स्वभाव आहे का आजींचा? कधी कधी मनाचंच असतं."

मनाचं आहे म्हटल्यावर धुरपदानं बोलणं बंद केलं. मनाचं असेल तर मनातच ठेवावं. बाहेर जायचं असलं की आदल्या सांजेपासून जेवायची नाही. गेल्या घरी पाण्याचा थेंब घ्यायची नाही. एसटीत बसणं सोडलं. तळेगावच्या भाचीचं बारसं सोडलं. लग्नघरांनी हळदीच्या गाण्याला बोलावलं की गळा बसलाय म्हणायची. ज्या गळ्यासाठी चार गावांतून माणसं यायची तो गळा घरात गप्प बसला.

आणि मग रंभाच्या नव्या घराचा दिवस आला.

रंभाचा नवरा ज्ञानदेव सूतगिरणीतून रिटायर झाला, दीक्षाचा पगार आला, आणि दोन खोल्यांवर स्लॅब पडला. वंदनेला वस्ती जमली होती, पांढऱ्या कपड्यांत, सतरंजीवर ओळीनं. धुरपदा दाराजवळ बसली. तिनं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळपासून पाणी नव्हतं. ओठ सुकून सालपटं निघाली होती.

रंभा नवी साडी नेसून तांब्या घेऊन आली. पितळेचा, चिंचेनं घासलेला. सगळ्यांच्या आधी धुरपदाकडं आली, कारण या घरातलं पहिलं पाणी कुणाला द्यायचं ते तिनं पाया खणला त्या दिवशीच ठरवलं होतं.

"घे."

धुरपदानं तांब्याकडं बघितलं. पाणी हललं, त्यात नव्या छताचा पांढरा तुकडा हलला.

"नको गं. आत्ताच पिऊन आले."

रंभाचा हात तसाच राहिला. मागून तिची जाऊ सारजाबाई शेजारणीला म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू, "म्हातारपणी सासू अंगात आली वाटतं."

धुरपदानं ते ऐकलं. तोंड उघडणार, तोच पोटात ती ओळखीची लाट उठली. रिकाम्या पोटातही ती उठायची. पंचशील चालू झालं होतं. सगळे हात जोडून बसलेले. घराच्या बाजूला नवा संडास होता, पत्र्याच्या दाराचा, पण त्याच्यापुढंच आचाऱ्यानं खिरीचं पातेलं मांडलं होतं आणि भोवती दहा माणसं होती. धुरपदा उठली. कुणाकडं न बघता दारातून बाहेर पडली. ओढा ओलांडला. घर दिसलं तेव्हा पाय आवळून उभी राहिली, पण उशीर झाला होता.

लुगडं तिनं स्वतःच धुतलं, विहिरीवर, सुवर्णाला दिसणार नाही असं. धुताना तिला एकच कळत होतं. ओढ्यापलीकडं आता काय बोललं जात असेल ते तिला ठाऊक होतं. ते पुसायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे हे लुगडं चारचौघांत वाळत घालायचं.

दुसऱ्या दिवशी रंभा आली. पडवीत वाकळ अंथरलेली होती, दोन्ही बाजूंनी शिवत आलेली, मधे हातभर पट्टा उरलेला.

"सुवर्णा, सासू कुठंय तुजी?"

"आत हायेत, मावशी. येतील, बसा की."

"बसायला आले न्हाई. वाकळ नेते. राहिल्याली मी शिवीन."

धुरपदा संडासात होती. पत्र्याच्या दारातून तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिनं आतून हाक मारली नाही. कुठून मारणार? बाहेर आली तेव्हा पडवीतली जमीन उघडी पडली होती, आणि शेणाच्या सारवणावर दोऱ्याचे तुकडे, लाल, हिरवे, पिवळे.

"आत्या, सांगून टाका ना त्यांना," सुवर्णा म्हणाली.

"काय सांगू? साठीची बाई, लुगड्यात हागती म्हणून?"

सुवर्णा खाली वाकून दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली.

रंभानं ती वाकळ नव्या घरात नेऊन ट्रंकेवर टाकली. हात लावावासा वाटेना. संध्याकाळी दळण निवडताना ओवी आपोआप ओठांवर आली आणि तिनं ती पुरी केली, कारण निम्मी ओवी तोंडात ठेवायची तिला सवय नव्हती.

तांब्या भरून ठेविला, सये तुझ्या वाटंवरी
तहानेली आली सई, पाणी न घेता गेली घरी

आठवड्यानं दीक्षा सुट्टीला आली. वाकळ बघितली आणि खुश झाली. उलटी करून टाके बघायला लागली. लहानपणी याच टाक्यांवर बोट फिरवत ती झोपायची, त्यामुळं कुठला टाका आईचा आणि कुठला धुरपदामावशीचा, ते तिला अंधारातही कळायचं.

"आई, मावशीच्या बाजूला एवढ्या गाठी कशाच्या?"

"मन न्हाई तिचं. दर घडीला उठायची. आता कळलं का उठायची ते. बसवतच नसंल आपल्यासंगं."

दीक्षानं वाकळ उजेडात ओढली. लाल दोरा, आईच्या बाजूला दोन गाठी. एक चहाची, एक पाण्याची. मावशीच्या बाजूला सात. पिवळा दोरा: आईच्या दोन, मावशीच्या सहा. निळा: एक आणि आठ.

"ही वाकळ किती वाजता घेऊन बसायच्या तुम्ही?"

"अकराला. पाचला उठायचो."

"हिरव्या दोऱ्याला पाच गाठी हायेत. त्या दिवशी काय होतं?"

रंभानं आठवलं. "चतुर्थी. तिचा कडक उपास. च्या बी घेतला नव्हता तिनं."

"उपास होता. तरी पाच वेळा उठली." दीक्षा वाकळेवरून बोट फिरवत राहिली. "उठून कुठं जायची, आई?"

"आत. परसाकडंच्या दारानं."

"आन् परत यायची तवा?"

"यायची. हात वले असायचे."

रंभा बोलून गेली आणि थांबली. लेकीच्या तोंडाकडं बघायला लागली. दीक्षानं वाकळेची घडी घातली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. मावशीकडं जाऊन येते."

"मी सांगितलंय म्हणू नको."

"तू काय सांगितलंस? वाकळंनं सांगितलं."

धुरपदा कांद्याच्या वाफ्याच्या कडेला बसून रोपं निवडत होती. दीक्षा शेजारी बसली, तीही रोपं निवडायला लागली. मावशीच्या ब्लाऊजच्या बाह्या सैल झालेल्या, बांगड्या कोपरापर्यंत चढतायत, हे तिनं आधीच बघितलं होतं.

"मावशी, एक विचारू? सिस्टर म्हणून विचारते, रंभाची पोर म्हणून न्हाई."

"इचार."

"जुलाब किती दिवस झाले?"

धुरपदाच्या हातातलं रोप मोडलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं नाही. एवढे महिने कुणीतरी सरळ विचारावं याचीच जणू ती वाट बघत होती.

"संक्रांतीपास्नं."

"रक्त पडतं?"

"न्हाई. नुसतं पाणी."

"ताप? उलटी?"

"न्हाई गं. डाक्टर म्हणला मनाचं हाय. आतडं आरशावानी दिसतं म्हणला."

"रात्री झोपेतनं उठावं लागतं का?"

"दोनदा. कवा तीनदा."

दीक्षानं मान वर केली. "मग मनाचं न्हाई, मावशी. मन झोपलं की मनाचे जुलाब पण झोपतात. झोपेतनं उठवतात ते जुलाब खरे असतात. उपासाला थांबत न्हाईत, दहा महिने हटत न्हाईत, वजन उतरवतात, ते खरेच असतात."

धुरपदाचे डोळे भरले. आजार आहे म्हणून कुणी सांगावं आणि माणसाला बरं वाटावं, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

"गोळ्या काय घेता? सगळ्या दाखवा."

धुरपदानं हाक मारली, सुवर्णानं घरातून गोळ्यांची पिशवी आणली. बीपीची एक. बाकी गुडघ्याच्या, पाकीटच्या पाकीट, भारत मेडिकलमधून एकदम महिन्याच्या आणायचा. रोज दोन. आणि त्या गोळ्यांनी जळजळ होते म्हणून सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल.

"ह्या गुडघ्याच्या कवापासून?"

"त्याच्या आधीच्या दिवाळीपास्नं. खुरपाय बसाय येईना तवा."

"म्हंजे दिवाळीला गोळी चालू, आन् संक्रांतीला जुलाब."

धुरपदानं पिशवीकडं बघितलं. तिनं हे दोन सण कधी एकाशेजारी एक ठेवून बघितले नव्हते.

"मावशी, मी डॉक्टर न्हाई. नाव मी देणार न्हाई. पण आमच्या वॉर्डात अशीच एक बाई होती, तुमच्याच वयाची. तिचं पण आतडं आरशासारखं दिसत होतं. आतनं बारीक तुकडे काढून तपासले तवा कळलं. तुमच्या वेळी तुकडे घेतले होते का?"

सुवर्णा कागद घेऊन आली. दीक्षानं दोनदा वाचला. तुकड्यांचं काही लिहिलं नव्हतं.

"दर गुरुवारी पुण्याचे पोटाचे डॉक्टर दौंडला येतात आमच्याकडं. हा कागद आन् ह्या सगळ्या गोळ्या घेऊन या. गुडघ्याची गोळी आजपासून बंद ठेवा, मी डॉक्टरांना फोन करून विचारते. बीपीची मात्र सोडायची न्हाई."

"दौंड?" धुरपदा म्हणाली. "तासभर गाडीत? मला न्हाई जमायचं, बाय."

"भारतदादाची पिकअप हाय. म्हणाल तिथं थांबंल."

धुरपदानं हातातल्या रोपांची मुळं झटकली. मग म्हणाली, "आईला सांगू नगं तुज्या."

"न्हाई सांगणार. माझ्या कामात ते बसत न्हाई." दीक्षा उठली, हाताची माती झटकली. "तुम्ही सांगा. तिनं त्या दिवसापासून तो तांब्या घासलेला न्हाई."

गुरुवारी भारतनं दुधाचे कॅन उतरवून पिकअप काढली. धुरपदा मधे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत दुसरं लुगडं. ओढ्याच्या पुलाशी रंभा उभी होती, काखेत वाकळेचं गाठोडं.

"मावशी, कुठं?" भारतनं विचारलं.

"दौंडला. पोरगी म्हणली, निम्मी तर निम्मी, वाकळ आजच आण. यष्टी गेली वाटतं."

"चला की मग. आम्ही बी तिकडंच."

रंभानं आत धुरपदाला बघितलं. क्षणभर वाटलं, मागं फिरावं. पण गाठोडं जड होतं आणि भारतनं दार उघडलं होतं. ती खिडकीशी बसली. वाकळ मांडीवर. दोघींचे खांदे एकमेकींना टेकत होते, तेवढंच. बोलणं भारतचं एकट्याचंच, कारखान्याच्या ट्रॉल्या आणि दुधाचा दर.

पारगावच्या पुलाच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्यावर, धुरपदाचा हात रंभाच्या मनगटावर आला. घट्ट. बोटं गार होती.

"भारत, थांबव."

"आई, पुढं पंप हाय, दोन मिनटं..."

"आत्ता थांबव."

गाडी थांबली. रंभा उतरल्याशिवाय धुरपदाला उतरता येणार नव्हतं. रंभा उतरली. धुरपदा तिला जवळजवळ ढकलून उसाच्या कडेला धावली. पण ऊस तिथं तोडून नेलेला होता, नुसतं पाचट पसरलेलं, आणि रस्त्यावरून ट्रॉलीमागून ट्रॉली येत होती. धुरपदा उभी राहिली. आडोसा नव्हता. ती वळली, तिचं तोंड रंभानं बघितलं.

अडतीस वर्षांची ओळख असली की काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. रंभानं गाठोडं सोडलं, वाकळ झटकली, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि हात पसरून रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली. दोन घरांच्या लुगड्यांची भिंत झाली. मागून ट्रॉलीवाल्यानं कर्कश गाणं लावलं होतं, ते आलं आणि गेलं. रंभानं मान खाली घातली होती. तिच्या डोळ्यांपुढं वाकळेची उलटी बाजू होती, धुरपदानं शिवलेल्या टोकाची. सात गाठी. सहा. आठ. हिरव्या दोऱ्याच्या पाच.

धुरपदा उठली, भारतनं दिलेल्या बाटलीनं हात धुतले. दोघी पाचटातच बसल्या. भारत गाडीत तोंड फिरवून बसून राहिला.

"म्हंजी त्या दिवशी..." रंभा म्हणाली.

"व्हय."

"आन् पाणी?"

"प्यालं की लागतं, असं वाटायचं मला. घोट घोट भ्या वाटायचं."

"मला काय वाटलं ठावं हाय तुला?"

"ठावं हाय. सारजा बोलली ते ऐकलं मी."

"ऐकलंस. आन् मला तसं वाटू दिलंस." रंभाचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "का गं?"

"हे सांगण्यापरीस ते सोपं वाटलं."

"कुणाला सोपं, धुरपे?"

 धुरपदानं फक्त आपलं दुखणं तेवढं मापलं होतं. तो तांब्या हातात धरून उभ्या राहिलेल्या बाईच्या हाताला काय झालं असेल, ते तिनं त्या दिवसापासून आजपर्यंत मापलंच नव्हतं.

"चुकले मी," ती म्हणाली.

रंभानं वाकळेचं पाचट झटकलं, एकेक काडी वेचून.  मग म्हणाली, "ऊठ. पोरगी वाट बघत आसंल. आन् पुढं कुठं लागलं तर माजं मनगाट धर, त्या भारतला वराडू नगं. त्याला पंपाचं लई कौतिक."

पंपावर एकदा आणि चौफुल्याला एकदा थांबून ते दौंडला पोचले.

पोटाच्या डॉक्टरांनी दीक्षानं विचारलेलंच सगळं परत विचारलं, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली, आणि पंधरा दिवसांनी परत नळी घातली. आतडं परत आरशासारखंच दिसलं. पण या खेपेला त्यांनी चार-पाच ठिकाणचे कणाएवढे तुकडे घेतले. आठ दिवसांनी कागद आला. त्यावरचं नाव डॉक्टरांनी सावकाश वाचून दाखवलं: कोलॅजिनस कोलायटिस.

"कॅन्सर न्हाई ना?" भारतनं विचारलं.

"नाही. आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. आतड्याचं वरचं अस्तर नजरेला चांगलं दिसतं, पण त्याच्या खाली एक पट्टा जाड झालाय. त्यामुळं आतडं पाणी शोषून घेत नाही. साठीच्या आसपासच्या बायकांत जास्त दिसतं. गुडघ्यांच्या गोळ्यांनी उठू शकतं, त्या जळजळीच्या कॅप्सूलनीही. त्या दोन्ही बंद. आठ आठवडे ह्या दुसऱ्या कॅप्सूल घ्यायच्या, आणि मी सांगेपर्यंत मनानं सोडायच्या नाहीत."

घरी येऊन सुवर्णानं विचारलं, काय म्हणाले? धुरपदानं तिला समजेल असं सांगितलं. "वाकळंचं वरचं लुगडं झ्याक हाय. पण त्याच्या खाली कुणीतरी घोंगडीचा तुकडा घातलाय. वरनं बघून कळत न्हाई. सुई घातली की कळतं."

गुडघे दुखत होतेच. दुखऱ्या गुडघ्यांना दीक्षानं पाय लांब करून उशी दाबायचा व्यायाम शिकवला, साधी तापाची गोळी लागेल तेव्हाच, आणि खुरपायला बसायचं नाही, पाटावर बसून रोपं निवडायची. दुसऱ्या आठवड्यात दिवसाच्या आठाचे पाच झाले. चौथ्यात तीन. मग एक दिवस धुरपदा उजाडल्यावर जागी झाली आणि तशीच पडून राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, रात्रभर उठलीच नव्हती.

फाल्गुनात वाकळेचा मधला पट्टा शिवायला घेतला. लिंबाखाली, रंभाच्या दारात. दीक्षानं थंडी अर्ध्या वाकळेतच काढली होती आणि आता पुरी करून मागत होती. ऊन पानांतून गळत होतं. रंभानं पांढरा दोरा काढला होता.

"तुज्या बाजूच्या गाठी उसवून नीट करू का?" रंभानं विचारलं. "लई हायेत. बोटाला लागत्यात."

धुरपदानं त्या गाठींवरून हात फिरवला. तिनं उत्तर गाऊन दिलं. गळा बऱ्याच महिन्यांनी उघडत होता, पहिल्या शब्दाला थोडा घोगरा निघाला, दुसऱ्याला सुटला.

वाकळ गं पुरी झाली, गाठी राहू दे गं तशा
सईच्या दुखण्याच्या त्या, खुणा पुसाव्या कशा

पलीकडच्या दारात सारजाबाई धुणं वाळत घालत होती, ती थांबून ऐकत राहिली.

रंभा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. घासलेला. "च्या न्हाई मिळायचा. पोरीनं सांगितलंय, च्या कमी करा. पाणीच पी."

धुरपदानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. वरून ओतलं नाही, तोंड लावलं. घोट घोट नाही, गटगट. मान मागं गेली, गळ्याची शीर हलली, दोन थेंब लुगड्यावर पडले. तांब्या रिकामा झाला. तिनं तो पुढं केला.

"आणि दे."

"आणि?" रंभानं भुवया उचलल्या. "मग उठशील बघ. परत गाठ पडंल."

"पडू दे," धुरपदा म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. "तुज्या घरात चांगला नवा संडास हाय. त्या दिवशी मीच उगं ओढा वलांडला."